त्सोर्नहाउ, तीन ओळी आणि एक शब्द: न्युर्नबर्गमधल्या प्रकल्प नोंदी

7 जानेवारी 2025

सुट्ट्या संपल्या, शाळेचा जिम परत उघडला, मंगळवार आणि शुक्रवार संध्याकाळ पुन्हा आपली. यंदा ठरवलंय की दर आठवड्याला नवं काही उचलायचं नाही. लिख्तेनाउअरच्या त्सेटेलमधला, म्हणजे तलवारीवरच्या त्याच्या यमकाच्या ओळींमधला, एकच तुकडा घ्यायचा, त्सोर्नहाउचा, रागाच्या वाराचा, आणि तो हातात बसेपर्यंत पुढं जायचं नाही, मग मे उजाडला तरी चालेल.

नंतर वाचताना मलाच संदर्भ लागेल म्हणून लिहून ठेवते. योहानेस लिख्तेनाउअर हा चौदाव्या शतकातला जर्मन तलवारीचा उस्ताद, त्याच्या आयुष्याबद्दल जवळपास काहीच हाती नाही, त्यानं दोन हातांनी धरायच्या लांब तलवारीची विद्या यमकाच्या ओळींमध्ये बांधली, पाठ करायला सोप्या आणि बाहेरच्याला कळू नयेत अशा. कूट काव्यच ते. त्या ओळींचा अर्थ पुढच्या लोकांनी टीका लिहून उलगडला, आपल्याकडे जुन्या ग्रंथांवर टीका असतात ना, अगदी तसंच. मी ज्या टीकेवरून काम करतेय ती रिंगेकची, तिची हस्तलिखित प्रत ड्रेस्डेनच्या ग्रंथालयात आहे आणि स्कॅन घरबसल्या बघता येतात. रोममध्ये 1452 सालच्या हस्तलिखितात त्याच ओळींवरची आणखी एक टीका आहे, अडलं की तीही उघडते.

माझा तुकडा असा, मराठीत मीच केलाय, यमक काही जुळवता आलं नाही:

वरून जो वार आणेल, रागाच्या वाराचं टोक त्याला धमकावेल.
त्याच्या ध्यानात आलं तर वरून काढून घे, धोका नाही.
त्याच्याविरुद्ध जोर धर, वळव, खुपस. त्यानं पाहिलं तर खाली ने.

त्सोर्न म्हणजे राग. संतापलेला माणूस उजव्या खांद्यावरून जसा तिरका घाव घालेल तसा हा घाव, कुणी शिकवायची गरज नाही असा. म्हणूनच मला तो आवडतो, सगळ्यात अडाणी वार घेऊन त्यातून सगळ्यात शहाणी गोष्ट शिकवलीय.

14 जानेवारी

जोडीदार यंदाही तोच, निवृत्त सुतार, वय 63, आम्ही एकमेकांना डू म्हणतो म्हणून इथंही अरे-तुरेच लिहिते. मनगटं दणकट, घाई अजिबात नाही, आणि एखादी गोष्ट शंभर वेळा करायची म्हटलं तरी तोंड वाकडं करत नाही. असा जोडीदार मिळणं म्हणजे अर्धं काम झालं.

आज फक्त पहिली ओळ. तो त्याच्या उजव्या खांद्यावरून माझ्या डोक्यावर वार आणणार, मी माझ्या उजव्या खांद्यावरून त्याच्या वारावरच वार घालणार, पाती भिडणार, आणि भिडल्यावर तो सैल असेल तर माझं टोक सरळ त्याच्या चेहऱ्याकडे जाणार. सराव फेडरनं, म्हणजे सरावाच्या बोथट तलवारीनं, पातं लवचिक, टोक गोल वळवलेलं, दीड किलोच्या आत वजन, आणि मास्क 1600 न्यूटनचा जोर झेलणारं, गळ्याला वेगळं कवच. हे असल्याशिवाय टोकाचं काम करायचं नाही हा आमचा नियम आहे, त्यात सूट नाही.

पवित्र्यांची नावं मला पहिल्या दिवसापासून घरची वाटतात. ओक्स म्हणजे बैल, मूठ डोक्याजवळ आणि टोक शिंगासारखं समोर. फ्लूग म्हणजे नांगर, मूठ कमरेशी आणि टोक वर चढतं. आल्बर म्हणजे खुळा, टोक खाली सोडून वेड पांघरून उभं राहायचं. चौथा फोम टाग, तलवार खांद्याशी किंवा डोक्यावर. बैल आणि नांगर म्हटल्यावर कोल्हापूरकडच्या माणसाला वेगळं काही समजावावं लागत नाही.

आज 60 वेळा केलं. छान दिसत होतं. फारच छान दिसत होतं, आणि तिथंच मला शंका आली.

28 जानेवारी

शंका खरी निघाली. जोडीदाराला म्हटलं, मला न सांगता कधी सैल राहा कधी रेट. त्यानं रेटलं की माझं टोक बाहेर फेकलं जातंय आणि तरीही मी ते पुढं खुपसतेय, त्याच्या कानाच्या बाजूनं हवेत. म्हणजे गेले तीन आठवडे मी तलवारबाजी करतच नव्हते, पाठ केलेला नाच करत होते. वार, भिडणं, टोक. समोरचा काय करतोय याचा माझ्या टोकाशी काही संबंधच नाही.

मोबाईलवर सेकंदाला 240 फ्रेमनं शूट केलं. रात्री एक एक फ्रेम पुढं ढकलत बघितलं. रेटलेल्या वेळांमध्येसुद्धा माझा उजवा हात पाती भिडायच्या आधीच पुढं ढकलायला लागतो. आधीच! म्हणजे निर्णय खांद्यावरच झालेला असतो.

आणि टीकेत तर स्वच्छ लिहिलंय की भिडल्याबरोबर आधी बघ, तो सैल आहे का कडक. मी ती ओळ वीस वेळा वाचली असेल.

4 फेब्रुवारी

जिममध्ये फार काम नाही झालं, पात्यांवर कपऱ्या फार झाल्या होत्या. पोलादावर पोलाद आपटलं की कडेला बारीक बारीक काटे उभे राहतात, डोळ्याला दिसत नाहीत, पण ग्लोव्हच्या शिवणीत अडकले तर शिवण उसवते, आणि उघड्या कातडीला लागले तर कापतं. शोधायची युक्ती जोडीदारानं शिकवली: जुना नायलॉनचा मोजा मुठीत धरून कडेवरून हळू ओढत न्यायचा, जिथं धागा अडकेल तिथं काटा. मग बारीक कानस, पात्याला तिरकी धरून, एकाच दिशेनं, मग पॉलिश पेपर, मग तेलाचं फडकं. माझ्या पात्यावर 14 निघाले, आणि त्यातले 11 टोकाकडच्या अर्ध्या भागात.

हा आकडा बघून मी तिथंच थांबले. पुस्तकात पात्याचे दोन भाग करतात, मुठीपासून मध्यापर्यंत ते बळकट, मध्यापासून टोकापर्यंत ते दुबळं. मी दुबळ्या भागावर त्याचा घाव झेलतेय, म्हणून रेटलं की टिकत नाही. जे तीन आठवडे कळलं नाही ते मोज्यानं दहा मिनिटांत सांगितलं.

11 फेब्रुवारी

नवा सराव, आणि आत्तापर्यंतचा सगळ्यात कामाचा. वार नाहीच. दोघांनी पाती आधीच भिडवून उभं राहायचं, माझ्या मास्कवर काळं फडकं. मला काही दिसत नाही. तो मनात ठरवतो, सैल, किंवा बाजूला रेटणार, किंवा कडक राहून जागेवरच थांबणार. मी फक्त हातांनी ऐकायचं.

सैल असेल तर टोक सरळ पुढं.
बाजूला रेटलं तर आबनेमेन: त्याच्या पात्यावरून वर घसरत वरून सोडवून घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत डोक्यावर.
कडक राहिला तर मूठ वर, डोक्यासमोर न्यायची, माझ्या पात्याचा बळकट भाग त्याच्या दुबळ्या भागावर येतो, आणि टोक वरून चेहऱ्याकडे. हेच विंडन, वळवणं.

20 पैकी 9 बरोबर. पण त्या 9 वेळांना जे जाणवलं ते आधी कधीच जाणवलं नव्हतं. रेटणारं पातं तळव्यात एका बाजूला सरकतं, करंगळीकडे. कडक पातं सरकत नाही, दोन्ही तळव्यांत नुसता दाब वाढतो, बंद दारावर हात ठेवल्यासारखा. सैल पात्याचं तर वजनच जातं. हे डोळ्याला दिसत नाही, डोळ्याला तिन्ही सारखेच. जर्मनमध्ये फ्यूलेन म्हणतात, जाणवणं, आणि रोमवाल्या प्रतीत म्हटलंय की फ्यूलेन आणि इंडेस या दोन गोष्टी म्हणजे सगळ्यात मोठी आणि सगळ्यात चांगली विद्या. फ्यूलेनची आज निदान ओळख झाली. इंडेस, तो वेळेबद्दलचा शब्द, अजून बाकी.

25 फेब्रुवारी

फडकं बांधून 20 पैकी 16. मग फडकं काढलं आणि पूर्ण वारापासून सुरू केलं, तर 20 पैकी 4. चार!

वाईट वाटलं, घरी येताना यू-बानमध्ये कुणाशी बोलावंसं वाटेना. पण व्हिडिओ बघितल्यावर कारण सापडलं, आणि ते हातांचं नाही, घावाचंच आहे. माझा घाव गोल जातो. खांद्यावरून मोठा वळसा घेऊन त्याच्या पात्याला जाऊन आपटतो आणि आपटून थांबतो तेव्हा माझं टोक त्याच्या डाव्या खांद्याच्याही बाहेर. तिथून चेहऱ्यापर्यंत आणायलाच इतका वेळ जातो की जाणवून तरी काय उपयोग. मी त्याच्या तलवारीच्या मागे धावतेय, माणसाकडे जातच नाहीये. त्सेटेलमध्ये यावरही ओळ आहे, जो वारांच्या मागे जातो त्याला विद्येचं सुख फार नाही. ही ओळ इतके दिवस मला दुसऱ्या कुणासाठी लिहिल्यासारखी वाटायची.

5 मार्च

फाशिंगची सुट्टी, जिम बंद. घरी बसून वाचन.

हे शहर या कामासाठी किती भाग्याचं आहे हे अधूनमधून आठवायला हवं. सम्राट फ्रेडरिक तिसरा यानं मार्क्सब्रूडर या तलवारबाजांच्या संघाला 1487 मध्ये सनद दिली ती इथंच. ड्यूररचं घर टेकडीवर आहे, त्या ड्यूररनंही 1512 मध्ये कुस्ती आणि शस्त्रांच्या चित्रांचं एक पुस्तक केलंय, ते आता व्हिएन्नात असतं. आणि ओपर्नहाउस स्टेशनला उतरून पाच मिनिटं चाललं की जर्मन राष्ट्रीय संग्रहालय, तिथं 3227ए नंबरचं हस्तलिखित आहे. लिख्तेनाउअरच्या ओळी ज्यात सापडतात त्यातल्या सगळ्यात जुन्यांपैकी एक. त्यातल्या पंचांगावरून बरेच जण 1389 साल सांगत आले, आता त्यावर वाद आहेत. छोटंसं घरगुती वहीसारखं पुस्तक, त्यात लोखंडाला पाणी कसं द्यायचं, रंग कसे करायचे असल्या कृतीसुद्धा आहेत, आणि मध्येच तलवार. कुणीतरी आपल्या उपयोगाचं सगळं एकाच वहीत उतरवून ठेवलंय. लिहिणाऱ्याचं नाव नाही.

या अनाम माणसावर माझा जीव आहे. तो सुरुवातीलाच कबूल करतो की तलवारबाजीबद्दल बोलून किंवा लिहून नीट समजावता येत नाही, जितकं हातानं दाखवता येतं. सहाशे वर्षांपूर्वीचा माणूस, स्वतः लिहायला बसलाय आणि सांगतोय की लिहून जमत नाही, तरी पानंच्या पानं लिहितोय, कारण नाहीतर ते राहिलंच नसतं. आज आमच्याकडे हात दाखवणारं कुणी उरलेलं नाही, ती साखळी तुटली, फक्त त्याची वही आहे. म्हणून मी ती इतकी जपून वाचते.

आज वाचता वाचता एक वाक्य सापडलं जे मी आधी सुंदर उपमा म्हणून सोडून दिलं होतं. तो म्हणतो, घाव किंवा खुपसणं सरळ माणसाच्या डोक्याकडे नाहीतर अंगाकडे जावं, जणू तुझ्या टोकाला किंवा धारेला पुढं दोरी बांधलीय आणि ती दोरी त्याला तिकडे ओढून नेतेय.

उपमा कशाला, बांधून बघू की.

11 मार्च

बांधली. लाल जाड सुती दोरा, फेडरच्या टोकाला दोन गाठी, दुसरं टोक जोडीदाराच्या हातात, हात त्यानं स्वतःच्या छातीशी धरलेला. मी फोम टागमध्ये, तलवार खांद्याशी. तो हळूहळू दोरा ओढतो, मी तलवार फक्त सोडायची, ढकलायची नाही.

पहिल्या ओढीलाच कळलं. टोक आधी निघतं! वळसा नाहीच, टोक खांद्यावरून सरळ त्याच्याकडे निघतं, हात त्याच्या मागून लांब होतात, आणि पाऊल सगळ्यात शेवटी. मी इतके दिवस आधी कोपर उचलत होते, मग मूठ, आणि टोक बिचारं मागून यायचं. सुतार असल्यामुळे त्याला हे माझ्याआधी कळलं, तो म्हणाला, दोरी मारून रेघ आखतो तसं आहे हे, दोरी ताणली की रेघ वाकडी येऊच शकत नाही.

चाळीस वेळा दोऱ्यासकट, अगदी हळू. मग दोरा सोडून वीस वेळा. मग त्याचा वार आणून. पाती भिडली तेव्हा माझं टोक त्याच्या मास्कच्या जाळीसमोर वीतभर अंतरावर, आणि भिडली ती माझ्या बळकट भागावर, आपोआप, मी त्याचा विचारही केला नव्हता. आवाजही वेगळा आला, आधी खणखणाट यायचा, आता एकच जड ठक्क.

20 पैकी 11. दोरा बॅगेत ठेवलाय, टाकणार नाही.

30 मार्च

पाडवा. बाल्कनीत छोटी गुढी उभारली, कडुलिंब नाही मिळाला.

दुपारी मामांना फोन केला. मामा कोल्हापुरात, तरुणपणी तालमीत मर्दानी खेळ केलेले, फरी-गदका, लाठी, पट्टा. माझ्या या जर्मन तलवारीचं त्यांना कौतुक आहे पण आम्ही कधी खोलात बोललो नव्हतो. आज मी मुद्दाम विचारलं.

"मामा, समोरच्यानं वरून वार आणला आणि तुमचा गदका त्याच्या गदक्याला भिडला, तर पुढं तुम्ही काय करता?"

"भिडला म्हंजे कसा? दाबून धरलाय का सैल हाय?"

मी दोन सेकंद बोललेच नाही. ड्रेस्डेनच्या हस्तलिखितातला प्रश्न, जसाच्या तसा, मंगळवार पेठेतून.

"दाबून, बाजूला रेटतोय."

"मग रेटू दे की त्याला. त्यो रेटतोय तेवढ्यात आपण वरनं काडून घ्यायचं आन् हिकडनं हाणायचं. तू जर त्याचं रेटून हुईस्तवर थांबलीस तर गेलीस, आन् आदीच काडलंस तरीबी गेलीस. तेवढ्यात म्हंजे तेवढ्यातच, पोरी."

दोन्ही परंपरांचा एकमेकींशी संबंध आहे असलं काही मी म्हणत नाहीये. दोन माणसं, दोन लांब वस्तू, त्या भिडल्या की जे प्रश्न पडतात ते सगळीकडे पडणारच. मामांच्या तालमीत एक जुनी धोप आहे, सरळ पात्याची, असली पाती पूर्वी युरोपातून यायची म्हणून फिरंग म्हणायचे, तोही संबंध फक्त लोखंडाचा, विद्येचा नाही.

पण शब्द! इंडेस या शब्दावर मी गेली दोन वर्षं अडलेय. लिख्तेनाउअर सांगतो की फोर आणि नाख, आधी आणि नंतर, या दोन गोष्टींतून सगळी विद्या उगवते, आणि त्याला जोडून इंडेस हा शब्द ध्यानात ठेव म्हणतो. मी वहीत त्याचं भाषांतर 'त्याच क्षणी' असं केलं होतं, इंग्रजीतही बऱ्याचदा तसंच काहीतरी वाचलं होतं, आणि 'त्याच क्षणी' डोक्यात धरलं की घाई होते, कारण क्षण म्हणजे एक ठिपका आणि तो आत्ता निसटेल असं वाटत राहतं. तेवढ्यात हा ठिपका नाही. तेवढ्यात म्हणजे समोरच्याचं काहीतरी चालू आहे, अजून संपलेलं नाही, आणि त्याच्या आत जागा आहे. लहान आहे पण जागा आहे. आईनं चहा टाकला तेवढ्यात पाहुणे आले, म्हणजे चहा चालूच होता की.

वहीत 'त्याच क्षणी' खोडलं. सगळीकडे खोडलं, 31 ठिकाणी.

8 एप्रिल

आज फक्त आबनेमेन. जोडीदाराला शब्द सांगितला, त्यानं दोनदा म्हणून बघितला, त्याला ढ आणि त जमेना, पण अर्थ लगेच पटला, म्हणाला इंडेसेन आम्ही घरीही असाच वापरतो.

सांगितलं की रेटताना घाई करू नकोस, पूर्ण रेट, खरं रेट. आणि मी त्याचं रेटणं सुरू झालेलं करंगळीत जाणवल्यावर निघायचं, संपायची वाट न बघता. त्याचं पातं बाजूला जात असतं, मी वरून सोडलं की त्याला अडवणारं काहीच उरत नाही, ते त्याच्याच जोरानं आणखी बाजूला जातं आणि त्याचं डोकं उघडं पडतं. धोका नाही असं त्सेटेल का म्हणतं ते इथं कळतं. लवकर निघालं तर मात्र धोकाच धोका, कारण त्याचं टोक अजून समोर असतं. लवकर निघाले तेव्हा दोनदा मास्कवर खाल्लं.

व्हिडिओ: जानेवारीत पाती भिडल्यापासून माझा योग्य निर्णय दिसेपर्यंत, जेव्हा दिसला तेव्हा, साधारण 70 फ्रेम लागायच्या. आज 43 ते 48. मी वेगानं काही करत नाहीये, उलट हळूच वाटतंय. डोळ्यांच्या आधी हाताला कळतंय एवढंच.

29 एप्रिल

ईस्टरच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. थोडं विसरलं होतं, दोऱ्यावर दहा मिनिटं घेतल्यावर परत आलं. विंडन अजून कच्चं. मूठ वर नेताना मी टोकही वर जाऊ देते, मग परत खाली आणावं लागतं. टोक खिळ्यासारखं जागेवर राहून मूठ त्याच्याभोवती वर यायला हवी. त्यानं मूठ उचलून अडवलं की तिथूनच टोक गळ्याकडे किंवा छातीकडे खाली न्यायचं, हे शेवटचं 'खाली ने' त्यामुळं अजून करून बघायला मिळालेलंच नाही.

डावा अंगठा ग्लोव्हमधून चेंगरला, दोन दिवस सूज. जाड अंगठ्याचे ग्लोव्ह मागवलेत.

13 मे

आज मोकळी लढत, क्लबमधल्या एका नव्या मुलाबरोबर, उंच, हात लांब, माझ्या प्रकल्पाची त्याला काही कल्पना नाही. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या.

पहिल्या फेरीत त्सोर्नहाउ एकदाही झाला नाही, तो लांबूनच खुपसत होता. दुसऱ्यात त्यानं वरून मोठा वार आणला, मी गेले, भिडलं, ठक्क, टोक त्याच्या समोर. त्याला ते दिसलं आणि त्यानं जोरात बाजूला रेटलं. यानंतर मी काय ठरवलं ते मला आठवतच नाही. करंगळीत पातं सरकलेलं आठवतंय, आणि नंतर माझं पातं त्याच्या मास्कच्या वरच्या पट्टीवर टेकलेलं आठवतंय. मधलं सगळं व्हिडिओत बघितलं: त्याचं पातं अजून बाजूला जातंच आहे, आणि माझं वर निघालंय. 39 फ्रेम.

त्या मुलानं मास्क काढून विचारलं, हे काय होतं. मी त्याला बाकावर बसवून रिंगेकच्या त्या पानाचं स्कॅन मोबाईलवर दाखवलं, मग उठून हातानं दाखवलं, मग बॅगेतून दोरा काढला. आमची बाकीची वेळ त्यातच गेली, तिसरी फेरी राहिलीच.

शुक्रवारी: विंडन, भिंतीवर टेपनं एक फुली, टोक फुलीवरून हलता कामा नये, मूठ वर खाली 50 वेळा. तो मुलगा येतो म्हणालाय. पात्यांना कानस लावायची आहे, नायलॉनचा मोजा संपत आलाय, नवा घेणे.